जीव न घेणाऱ्या आजारालाही प्रयोगशाळा हवी

संशोधनाला आपल्याकडे दोन तऱ्हांनी नकार मिळतो. विषय सामान्य माणसाच्या जगण्यापासून फार लांबचा वाटला, तर ‘याचा उपयोग काय?’ असे विचारले जाते. तो रोजच्या जगण्याला फारच जवळचा असला, तर ‘एवढ्याशा गोष्टीवर कसले संशोधन?’ असे म्हटले जाते. इलेक्ट्रॉन गन आणि तिच्या जोरावर चालणारे मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर यांच्या वाट्याला पहिला नकार येतो. अंगावर महिनोन् महिने, वर्षानुवर्षे उठत राहणारे पित्त, म्हणजे डॉक्टर ज्याला जुनाट अर्टिकेरिया म्हणतात तो आजार, दुसऱ्या नकाराला तोंड देतो. एक विषय भौतिकशास्त्राच्या शिखरावरचा आणि दुसरा त्वचारोगाच्या ओपीडीतला असला, तरी दोघांना नाकारण्यामागची चूक एकच आहे. ज्ञानाची किंमत ते वरवर किती भव्य किंवा किती तातडीचे दिसते यावर ठरवायची, ही ती चूक. मुंबईसारख्या शहराला ती परवडणारी नाही, कारण ती सुधारण्याची साधने याच शहरात आहेत. परळची रुग्णालये आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यात जेमतेम दहा-बारा किलोमीटरचे अंतर आहे.

प्रथम इलेक्ट्रॉन गनविषयी. नाव ऐकून युद्धसामग्री डोळ्यांसमोर येते, पण ही वस्तू आपल्या घरांतून कित्येक वर्षे नांदली आहे. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. गिरगावच्या चाळींत ज्याच्याकडे संच असेल त्याच्या खोलीत सगळा मजला जमायचा. त्या संचाच्या जाड काचेच्या नळीत, मागच्या निमुळत्या मानेत, इलेक्ट्रॉन गन बसवलेली असे. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडत, काही हजार व्होल्टांचा दाब त्यांना पुढे खेचून घेई आणि पडद्यावर आदळून ते चित्र रंगवत. 1897 मध्ये जे. जे. टॉमसन यांनी अशाच निर्वात नळीतल्या किरणांवर प्रयोग करून इलेक्ट्रॉनचे अस्तित्व दाखवले. त्या प्रयोगांत पुढच्या शतकातले चित्रवाणी संच लपले आहेत, हे तेव्हा कोणालाही सांगता आले नसते.

चाळींतले ते जाड संच भंगारात गेले. इलेक्ट्रॉन गन मात्र परळमध्ये आजही रोज काम करते. कर्करोगाच्या रुग्णाला रेडिएशन देणारे जे यंत्र लिनॅक म्हणून ओळखले जाते, त्याची सुरुवात इलेक्ट्रॉन गनपासूनच होते. गनमधून सुटलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मलहरींच्या बळावर धातूच्या पोकळ नळीतून वेग घेतात. नेहमीच्या यंत्रात त्यांना साठ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांइतकी ऊर्जा मिळते. मग ते टंगस्टनसारख्या जड धातूवर आदळतात आणि तिथून निघालेले क्ष-किरण गाठीवर रोखले जातात. 1953 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अशा यंत्राने रुग्णांवर उपचार सुरू झाले. विदर्भातून, कोकणातून, बिहार-बंगालमधून टाटा रुग्णालयात येणारी, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणारी किंवा परळच्या पदपथावर पथारी टाकणारी कुटुंबे ज्या यंत्राची तारीख मिळावी म्हणून ताटकळतात, त्याच्या मुळाशी एका भौतिकशास्त्रज्ञाचे निव्वळ कुतूहल आहे.

या गनवर आजही संशोधन का चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. इलेक्ट्रॉनांना वेग देणे आता तुलनेने सोपे झाले आहे. अवघड आहे ते त्यांना एका दिशेने, एका वेगाने, अगदी अरुंद झोतात जन्माला घालणे. झोत जन्मतःच विस्कळीत असला, तर पुढच्या यंत्रावर कितीही खर्च केला तरी तो विस्कळीतपणा पुरता भरून निघत नाही. म्हणून कॅथोडचा धातू, त्यावर पडणारा प्रकाश, विद्युत्क्षेत्राचा आकार, निर्वाताची शुद्धता या एकेका गोष्टीवर माणसे आपली उमेदीची वर्षे घालवतात. अनेक आधुनिक गनमध्ये कॅथोड तापवतही नाहीत. त्यावर अतिनील लेसरचा क्षणिक झोत टाकला की तेवढ्याच क्षणापुरते इलेक्ट्रॉन सुटतात.

ही काटेकोर गन नसती तर मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर अशक्य होता. त्याची कल्पना जॉन मेडी यांनी 1971 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडली. वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत आलटून-पालटून मांडलेल्या चुंबकांमधून नेला की तो नागमोडी हलतो आणि प्रकाश फेकतो. सुरुवातीला प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या मनाने प्रकाश देतो. मात्र तोच प्रकाश हळूहळू इलेक्ट्रॉनांना लहान लहान तुकड्यांत बांधत जातो आणि मग सगळे एका ठेक्यावर प्रकाश देऊ लागतात. लालबागच्या विसर्जन मिरवणुकीतली गर्दी आणि त्याच मिरवणुकीतले लेझीम पथक यांच्यात जो फरक, तोच साध्या किरणांत आणि या लेसरमध्ये आहे. एप्रिल 2009 मध्ये कॅलिफोर्नियात एक किलोमीटर लांबीच्या त्वरकाच्या मदतीने अणूच्या आकाराइतक्या तरंगलांबीचा असा क्ष-किरण लेसर प्रत्यक्षात आला. कल्पनेपासून तिथवर पोहोचायला 38 वर्षे लागली. त्याचे स्पंद काही फेम्टोसेकंदांचे असतात. सेकंदाच्या एक अब्जांश भागाचे पुन्हा दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. अशा स्पंदाच्या माऱ्याने प्रथिनाचा चिमुकला स्फटिक जळून नष्ट होतो, पण नष्ट होण्यापूर्वी त्याच्या रेणूंची मांडणी टिपली गेलेली असते.

आता परळच्या दुसऱ्या रांगेकडे वळू. कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात सकाळी उभे राहिले, तर अंगभर खाजवून ओरखडे उठलेली माणसे दिसतात. घराघरांत या आजाराचे उपचार ठरलेले आहेत. आमसुलाचे पाणी अंगाला चोळायचे, उष्णता झाली म्हणून पथ्य करायचे, औषधाच्या दुकानातून एक गोळी आणून झोपायचे. बहुतेकांचे पित्त चार-आठ दिवसांत जाते आणि ती गोष्ट तिथेच संपते. ज्यांचे पित्त सहा आठवड्यांहून अधिक काळ उठतच राहते, त्यांचा आजार निराळा असतो. एकेक गांधी चोवीस तासांच्या आत मावळते, पण दुसरीकडे नवी उठते. काहींचे ओठ आणि पापण्या सुजतात. हे एक ते पाच वर्षे चालते, काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक. कोणत्याही वेळी लोकसंख्येच्या जवळपास एक टक्का माणसांना हा त्रास असतो असे मानले जाते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट असते.

या आजाराची एक क्रूर खोड आहे. रुग्ण रांगेत थांबून डॉक्टरांसमोर पोहोचतो, तेव्हा त्याची कातडी अनेकदा अगदी स्वच्छ असते. रात्रभर खाजेने जागलेल्या माणसाला आपण आजारी आहोत हे पटवून द्यावे लागते. घरचे म्हणतात, मनावर घेऊ नकोस. लालबाग-परळच्या कोकणी घरांत मासे बंद होतात, मग अंडी, मग वांगी, मग दही. जुनाट पित्तात अन्न हे मूळ कारण असण्याचे प्रमाण फार थोडे असते, तरी वर्षानुवर्षे माणूस आवडीचा घास सोडून बसतो आणि पित्त उठायचे थांबत नाही. काही प्रकारांत दाबाने वळ येतात. गच्च भरलेल्या लोकलमध्ये खांद्यावर रुतलेल्या पिशवीच्या पट्ट्याचा वळ काही तासांनी, घरी पोहोचल्यावर, सुजून दुखू लागतो. 1997 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी या रुग्णांच्या जगण्याचे मोजमाप केले. झोप, उमेद, चारचौघांत मिसळणे यांवर या आजाराने होणारी हानी गंभीर हृदयविकाराच्या रुग्णांच्या हानीशी तोलण्याजोगी निघाली. याला ‘नुसते पित्त’ म्हणणे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही.

शरीरात काय घडते तेही या निमित्ताने पाहू. कातडीत मास्ट पेशी असतात. 1878 मध्ये पॉल एर्लिख यांनी त्यांचे वर्णन केले. त्यांच्यातल्या कणांत हिस्टामिन साठलेले असते. पेशी चेतवली गेली की ते बाहेर पडते, बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरतात आणि गांधी फुगते. या पेशी विनाकारण का चेतवल्या जातात, हे कोडे फार काळ सुटले नव्हते. 1993 मध्ये असे दाखवले गेले की काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच मास्ट पेशींवरील ग्राहक रेणूंविरुद्ध प्रतिपिंडे असतात. म्हणजे अनेकांचा हा आजार स्वप्रतिकाराचा आहे. त्याचा दोष रुग्णाच्या खाण्यापिण्याला, स्वच्छतेला किंवा स्वभावाला देता येत नाही. अपराधी भावनेने पिचलेल्या माणसाला हे एक वाक्य समजावून सांगितले, तरी उपचाराची सुरुवात होते.

हे दोन विषय एकमेकांना कुठे भेटतात? ते 2011 मध्ये खरोखर भेटले. हिस्टामिन ज्या रेणूला चिकटून खाज निर्माण करते, त्या एच-1 ग्राहकाची अणूंच्या पातळीवरील रचना ब्रिटनमधील डायमंड सिंक्रोट्रॉनवर उलगडली गेली. सिंक्रोट्रॉन म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून त्यांच्यापासून क्ष-किरण मिळवणारे यंत्र; त्यातही प्रवासाची सुरुवात इलेक्ट्रॉन गनपासूनच होते. त्या स्फटिकात ग्राहकाच्या पोकळीत बसलेला औषधी रेणू होता डॉक्सेपिन. हे औषध मुळात नैराश्यावरचे, पण हट्टी पित्तावरही डॉक्टर ते वापरत आले आहेत. जुन्या पिढीची पित्ताची औषधे इतर ग्राहकांनाही का चिकटतात आणि नव्या पिढीची औषधे एच-1 पुरती का मर्यादित राहतात, याचा उलगडा त्या रचनेत मिळाला. नव्या औषधांवरील विद्युत्भारित टोक ज्या जागेला धरते, ती जागा तिथे डोळ्यांना दिसली. पुढे 2019 मध्ये ल्युकोट्राइन या दुसऱ्या दाहकारक द्रव्याच्या ग्राहकाची रचना समोर आली, तेव्हा तिच्यासाठी मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरही वापरला गेला होता. त्या ग्राहकाला अडवणारी औषधे मुख्यतः दम्याची असली, तरी पित्ताच्या काही रुग्णांनाही जोडऔषध म्हणून दिली जातात.

इथे नीट बोलले पाहिजे. मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरने कोणाचे पित्त बरे होत नाही आणि तसा दावा कोणी केला, तर वाचकाने त्याच्या दारात पाऊल ठेवू नये. सेटिरिझिनसारखी आज सर्रास मिळणारी औषधे रचना कळण्याच्या कितीतरी आधी सापडली होती. लेसरने मिळते ती समज. औषध कुठे बसते, का घसरते, का गुंगी आणते, पुढचे औषध कसे घडवावे, याची ती समज असते. ज्याला रात्रपाळीत यंत्रावर उभे राहायचे आहे किंवा टॅक्सी चालवायची आहे, त्याच्यासाठी गुंगी न आणणारी गोळी म्हणजे त्याची नोकरी आणि कधी त्याचा जीवही.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या शहरात शिवडीला क्षयरोगाचे रुग्णालय आजही लागते, तिथे अंगावरच्या गांधींवर आणि अब्जावधींच्या यंत्रांवर पैसा का घालावा? या प्रश्नामागची कळकळ खरी आहे, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली अशी की ही यंत्रे एकाच कामाची आहेत. प्रत्यक्षात ज्या किरणांनी एच-1 ग्राहक उलगडला, त्याच प्रकारच्या किरणांनी क्षयाच्या जंतूची प्रथिनेही उलगडतात. यंत्र आजारांत भेदभाव करत नाही, तो आपण करतो. दुसरी अशी की पित्तावरचे संशोधन महागडे असते. खरे तर त्याचा पाया कमालीचा स्वस्त आहे. खाज आणि गांधी यांना रोज शून्य ते तीन गुण द्यायचे आणि सात दिवसांची बेरीज करायची. शून्य ते 42 अशी ही मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिला एक वही आणि एक पेन्सिल पुरते. लागतो तो रुग्णाशी दोन-तीन वर्षे टिकणारा संबंध आणि नोंदी जपण्याची शिस्त.

भौतिकशास्त्र आणि रुग्णाची खाट यांच्यात पूल बांधता येतो, हे परळने पूर्वी सिद्ध केले आहे. टाटा घराण्यातल्या मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून उभ्या राहिलेल्या संकल्पाने 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालयाचे दार उघडले. मेहेरबाई या अणुशास्त्रज्ञ होमी भाभांच्या आत्या. पुढे भाभा अणुऊर्जा खात्याचे प्रमुख असताना, 1962 मध्ये, हे रुग्णालय त्या खात्याकडे आले. एक रुग्णालय आरोग्य खात्याऐवजी अणुशास्त्रज्ञांच्या खात्याशी जोडले जावे, ही घटना विलक्षण होती. किरणोपचाराचे यंत्र, ते जाणणारा भौतिकशास्त्रज्ञ आणि रुग्ण यांना एका छपराखाली आणणारी ती व्यवस्था होती. याच शहरात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सूक्ष्मलहरींच्या कामातून पवईच्या ‘समीर’ संस्थेची वाट निघाली. तिने देशी लिनॅक घडवले आणि त्यातले एक वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या रुग्णालयापर्यंत पोहोचले. गांधीजींच्या आश्रमाशेजारी, कापूस पिकवणाऱ्या मुलखात देशी इलेक्ट्रॉन गन पोहोचते, याहून मूलभूत विज्ञानाच्या उपयोगाचा चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

दुसऱ्या बाजूने, रोजच्या जवळच्या गोष्टींना शास्त्राच्या कसोटीवर घासण्याचा वारसाही परळचाच आहे. केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय 1926 मध्ये सुरू झाले. दात्यांची अट होती की तिथे भारतीय डॉक्टरच नेमले जावेत. त्याच महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेद संशोधन केंद्राच्या माध्यमातून गुळवेलीसारख्या वनस्पतींवर आधुनिक पद्धतीने काम केले. कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांवर डॉ. रवी बापटांसारख्या शल्यविशारदांच्या सोबतीने गुळवेलीची चाचणी झाली. आजीबाईच्या बटव्यातली म्हणून गुळवेल नाकारायची नाही आणि परंपरेची म्हणून डोळे मिटून स्वीकारायचीही नाही, ही त्या कामामागची भूमिका होती. आमसुलाच्या पाण्याने खाज खरोखर किती कमी होते आणि किती वेळ, हेही त्याच प्रामाणिकपणाने मोजता येईल. ते मोजणे कमीपणाचे नाही.

माझा मुद्दा इथे येऊन ठेपतो. भाभांच्या पिढीने प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांच्यातला पूल कर्करोगासाठी बांधला, कारण कर्करोग मारतो. मृत्यूची भीती ही संशोधनाची फार मोठी प्रेरणा असते आणि त्यात गैर काही नाही. पण जे आजार मारत नाहीत, ते माणसाची झोप, पगार, लग्न आणि आत्मविश्वास कुरतडत राहतात. पूल बांधण्याची विद्या आपल्याकडे आहे. ती मृत्यूपुरती राखून ठेवण्याचे काही कारण नाही.

यासाठी काय करता येईल, हेही स्पष्ट सांगतो. परळ, शीव आणि भायखळ्याच्या सार्वजनिक रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांनी जुनाट पित्ताची एक समान नोंदवही ठेवावी आणि सात दिवसांच्या गुणांची मोजणी मराठी व हिंदी कार्डावर रुग्णाच्या हाती द्यावी. महापालिकेने आणि राज्याने त्या नोंदी सांभाळण्यापुरता कायमचा माणूस द्यावा. होळकरांच्या इंदुरात राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 हा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा सिंक्रोट्रॉन आहे आणि त्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रथिन-स्फटिकांसाठीची किरणवाट आहे. तिच्या वेळेचा काही भाग अशा दुर्लक्षित आजारांच्या प्रथिनांसाठी वैद्यकीय महाविद्यालयांना मागता यावा. त्याच इंदुरात अवरक्त मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरही चालू झाला आहे. तिथल्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने वर्षातून काही दिवस परळच्या ओपीडीत बसावे आणि परळच्या निवासी डॉक्टरने काही दिवस किरणवाटेवर. 2014 पासून अमेरिकेत या आजारासाठी मान्य झालेले ओमालिझुमॅबचे इंजेक्शन अनेकांना गुण देते, पण त्याचा महिन्यामहिन्याचा खर्च सामान्य घराला पेलत नाही. ते सार्वजनिक रुग्णालयात कोणाला आणि कोणत्या निकषांवर मिळावे, हे ठरवायलाही या नोंदीच लागतील.

वाचकाकडून अपेक्षा एवढीच. आपल्या घरात कोणाच्या अंगावर सहा आठवड्यांहून जास्त पित्त उठत असेल, तर त्याला हसू नका, त्याचे जेवण तोडू नका, त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या आणि गांधी उठल्याचे छायाचित्र सोबत ठेवा. ओठ-जीभ सुजून श्वास अडकू लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. आणि कोणी तरुण मुलगी किंवा मुलगा इलेक्ट्रॉनांच्या झोतावर काम करायचे म्हणाला, तर ‘त्याचा उपयोग काय’ असे विचारून त्याची उमेद खचवू नका. परळच्या रेडिएशन कक्षात त्या प्रश्नाचे उत्तर रोज मिळते आहे.